मनोरंजनात्मक मिश्र व्हॉलीबॉल लीगची नियमरचना : कात्रज परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

व्हॉलीबॉलच्या अधिकृत नियमपुस्तकात पुरुषांचा खेळ आणि महिलांचा खेळ यांत अत्यल्प भेद केलेला आढळतो. मैदान दोघांसाठीही १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर व वजन २६० ते २८० ग्रॅम असते. खेळाडू सहा आणि चेंडू परतविण्यासाठी मिळणारे स्पर्श तीन, हेही समानच. ठळक फरक एकच : पुरुषांसाठी नेटची उंची २.४३ मीटर, तर महिलांसाठी २.२४ मीटर. स्त्री-पुरुष एकाच संघातून खेळू लागले की नेमका हाच फरक अडचणीचा ठरतो. अशा संघासाठी नेट कोणत्या उंचीवर बांधावे, पुढच्या फळीत कोणी उभे राहावे, सहा खेळाडूंपैकी तिघांनीच सारा खेळ आपल्याकडे ओढून घेतला तर काय करावे, या प्रश्नांची उत्तरे अधिकृत नियमांत मिळत नाहीत. कारण ते नियम मिश्र संघ डोळ्यांसमोर ठेवून रचलेलेच नाहीत. साहजिकच ज्या संस्थेला वा मंडळाला मिश्र लीग भरवावयाची असेल, तिला स्वतःची नियमावली तयार करणे क्रमप्राप्त ठरते.

प्रस्तुत लेखात अशा नियमावलीतील प्रमुख तरतुदी कोणत्या, त्यांमागील कारणपरंपरा काय आणि पुण्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या कात्रजसारख्या परिसरात त्यांपैकी कोणत्या स्वीकारार्ह ठरतील, याचे विवेचन केले आहे. कात्रजचा विचार येथे सहेतुक केला आहे. पेशवेकालीन तलावामुळे आणि घाटामुळे परिचित असलेले हे गाव १९९७ च्या हद्दवाढीत महानगरपालिकेत समाविष्ट झाले. १९९९ मध्ये येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले. जवळच धनकवडीच्या बाजूस भारती विद्यापीठाचा विस्तीर्ण शैक्षणिक परिसर आहे आणि सातारा रस्त्याच्या दोन्ही अंगांना गृहरचना संस्थांची दाट वस्ती उभी राहिली आहे. विद्यार्थी, नोकरदार आणि नव्याने स्थायिक झालेली कुटुंबे येथे एकत्र नांदतात. मोकळी जागा मात्र दिवसेंदिवस आकसत आहे. अशा ठिकाणी व्हॉलीबॉल हा व्यवहार्य खेळ होय. मैदानाभोवती चारही बाजूंनी ३ मीटर मोकळी जागा सोडली तरी २४ गुणिले १५, म्हणजे ३६० चौरस मीटर जागा पुरते. मनोरंजनापुरत्या खेळासाठी ही कडा २ मीटरपर्यंत कमी केल्यास २८६ चौरस मीटरमध्ये काम भागते. एवढ्या जागेत बारा माणसे एकाच वेळी खेळू शकतात, असे खेळ फार नाहीत.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. शाळेच्या संघातून खेळणारी मुलगी दहावी-बारावीनंतर मैदानापासून दुरावते, ही गोष्ट शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातील कोणाही शिक्षकाच्या परिचयाची आहे. पुढे नोकरी, विवाह, मुले या क्रमात मैदान परत मिळत नाही. एखाद्या गृहरचना संस्थेत केवळ महिलांचे दोन पूर्ण संघ, तेही प्रत्येक रविवारी, जमविणे सोपे नसते. त्यामुळे पुन्हा खेळू इच्छिणाऱ्या स्त्रीसमोर मिश्र संघ हाच बहुधा एकमेव पर्याय उरतो. तथापि मैदानात उभे राहणे आणि खेळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नियम ढिसाळ असतील तर तीन महिला संपूर्ण सेटभर मैदानात असूनही चेंडू त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मिश्र लीगच्या नियमांचे मूल्यमापन याच एका कसोटीवर करावे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

खेळाच्या उगमाकडे दृष्टिक्षेप

हा खेळ मुळात मनोरंजनासाठीच जन्माला आला, हे आज अनेकांच्या स्मरणात नसते. १८९५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण संचालक विल्यम मॉर्गन यांनी मध्यमवयीन व्यावसायिकांसाठी तो तयार केला. बास्केटबॉलची धावपळ त्यांना झेपत नव्हती. म्हणून प्रतिस्पर्ध्याशी अंगस्पर्श न होणारा, नेटच्या आडून खेळावयाचा हा खेळ. आरंभी त्याचे नाव ‘मिंटोनेट’ असे होते. खेळाडूंची संख्या निश्चित नव्हती, स्पर्शांनाही मर्यादा नव्हती. नेटची उंची होती साडेसहा फूट, म्हणजे सुमारे १.९८ मीटर. उंच उचललेल्या चेंडूवर जोराचा फटका मारण्याचे तंत्र १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये विकसित झाले. तीन स्पर्शांची मर्यादा १९२० मध्ये आली. नेट उंचावत गेले आणि खेळ उत्तरोत्तर उंच व बलवान खेळाडूंचा झाला.

भारतात वायएमसीएच्या माध्यमातून या खेळाचा प्रसार झाला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३६ मध्ये लाहोर येथे झाली आणि १९५१ मध्ये भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुष व महिला या दोन्ही गटांसाठी व्हॉलीबॉलचा एकाच वेळी समावेश झाला. महिलांना ऑलिम्पिकमध्ये मिळालेला हा पहिला सांघिक चेंडूखेळ. ग्रामीण महाराष्ट्रात याच खेळाचे भावंड म्हणता येईल असा शूटिंग बॉल आजही आवडीने खेळला जातो. त्यात आलेला चेंडू थेट पलीकडे मारण्यावर भर असतो. शूटिंग बॉलवर हात बसलेला खेळाडू व्हॉलीबॉलमध्ये आला की चेंडू सहकाऱ्याला देण्यापेक्षा स्वतःच मारण्याकडे त्याचा कल राहतो. मिश्र संघात ही सवय विशेषत्वाने जाणवते.

खेळांच्या नियमांना आकार देण्याची परंपरा पुण्याला नवी नाही. खो-खोच्या नियमांना १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने निश्चित रूप देण्याचा प्रयत्न केला. बॅडमिंटनच्या आरंभीच्या नियमांचा संबंधही ब्रिटिशकालीन पुण्याशीच जोडला जातो. मिश्र खेळाच्या दृष्टीने बॅडमिंटनचे उदाहरण बोलके आहे. १८९९ च्या पहिल्या ऑल इंग्लंड स्पर्धेत पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे तीनच प्रकार होते. एकेरीचे सामने त्यानंतरच्या वर्षी आले. मात्र दुहेरीत दोघांपैकी एकाला टाळून खेळणे कठीण असते. सहा जणांच्या संघात ते सहज शक्य होते, हाच व्हॉलीबॉलपुढील पेच आहे.

संघरचना व उभे राहण्याचा क्रम

मिश्र व्हॉलीबॉलचे नियम सर्वाधिक तपशिलाने अमेरिकेत विकसित झाले. ‘यूएसए व्हॉलीबॉल’ या संस्थेच्या नियमांत मिश्र खेळासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांतील पहिली तरतूद अशी की संघात तीन पुरुष व तीन महिला असाव्यात आणि सर्व्हिसच्या क्रमात त्या आलटून-पालटून याव्यात. वरवर पाहता ही केवळ शिस्तीची बाब वाटते. परंतु तिचा परिणाम दूरगामी आहे. व्हॉलीबॉलमध्ये तीन खेळाडू पुढच्या फळीत व तीन मागच्या फळीत असतात आणि सर्व्हिस परत मिळताच सर्वजण एक जागा पुढे सरकतात. आलटून-पालटून क्रम ठेवल्यास पुढच्या फळीत एकतर दोन पुरुष व एक महिला किंवा एक पुरुष व दोन महिला असतात. तिसरी शक्यता उरतच नाही. हे बंधन नसेल तर संघ तिन्ही पुरुषांना लागोपाठ उभे करील आणि त्या रोटेशनमध्ये पुढची संपूर्ण फळी पुरुषांची होईल. क्रमाचे असे महत्त्व अन्यत्रही दिसते. ४ गुणिले ४०० मीटर मिश्र रिलेत आरंभी संघ आपला क्रम स्वतः ठरवीत असत, त्यामुळे एखाद्या टप्प्यावर पुरुष धावपटू व महिला धावपटू एकमेकांविरुद्ध धावताना दिसत. पुढे पुरुष-महिला-पुरुष-महिला असा क्रमच ठरवून देण्यात आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत भारतीय संघ दुसरा आला होता; बहारीनचा संघ नंतर अपात्र ठरल्याने ते पदक सुवर्णात रूपांतरित झाले.

उपरोक्त तरतुदीचे शब्दांकन मात्र जपून करावे लागते. ‘किमान तीन महिला’ असा नियम केला आणि रविवारी सकाळी एक महिला खेळाडू येऊ शकली नाही, तर सामनाच रद्द होतो. मग संघ ऐनवेळी कोणा अनिच्छुक शेजारणीला नावापुरते उभे करतात. याउलट ‘जास्तीत जास्त तीन पुरुष’ असे शब्द ठेवल्यास तीन पुरुष व दोन महिला असा पाच जणांचा संघ खेळू शकतो. चार महिला व दोन पुरुष हेही चालते. हा पर्याय अधिक श्रेयस्कर होय. किमान चार खेळाडू असल्याशिवाय सामना सुरू करू नये आणि त्यांत दोन महिला असाव्यात, एवढी मर्यादा पुरे.

बदली खेळाडूंबाबतही विचार व्हावा. दहा-बारा जणांची नोंदणी झालेल्या संघात चार-पाच जण बाकावर बसून परत जातात, असे मनोरंजनाच्या लीगमध्ये घडता कामा नये. सर्व्हिसच्या जागी पोहोचणाऱ्या खेळाडूने बाहेर जावे व त्याऐवजी बाहेरचा खेळाडू आत यावा, अशी फिरती पद्धत सोयीची असते. त्यात पुरुषाच्या जागी पुरुष व महिलेच्या जागी महिला एवढेच पथ्य पाळले की क्रम बिघडत नाही. तृतीयपंथी खेळाडूच्या बाबतीत नोंदणी अर्जावर त्याने वा तिने स्वतः नमूद केलेला गट ग्राह्य धरावा. गल्लीतील लीगला पडताळणीचा अधिकार नाही आणि गरजही नाही.

स्पर्शाचा नियम

मिश्र व्हॉलीबॉलचा गाभा ज्याला म्हणता येईल तो नियम असा : संघाने चेंडू एकाहून अधिक वेळा हाताळला, तर त्या स्पर्शांपैकी किमान एक स्पर्श महिला खेळाडूचा असला पाहिजे. ब्लॉक करताना झालेला स्पर्श यात मोजला जात नाही. पहिल्याच स्पर्शात चेंडू पलीकडे गेला तर तो कोणाचाही चालतो.

या नियमाची ताकद किती, हे साध्या गणिताने तपासता येते. तीन स्पर्शांपैकी प्रत्येक स्पर्श पुरुषाचा किंवा महिलेचा असू शकतो. म्हणजे एकूण आठ क्रम संभवतात. त्यांपैकी पुरुष-पुरुष-पुरुष हा एकच क्रम या नियमाने वर्ज्य ठरतो. दोन स्पर्शांच्या चार क्रमांपैकीही एकच बाद होतो. नियम एवढा सौम्य आहे. तरीही तो नसेल तर नेमका तोच एक क्रम मैदानावर वारंवार दिसू लागतो. त्यामागे दुष्टपणा असतोच असे नाही. चुरशीच्या क्षणी खेळाडू ज्याच्यावर अधिक विश्वास असतो त्याच्याकडे चेंडू देतो, आणि ज्याला सराव अधिक त्याच्यावर विश्वास अधिक. ज्याला चेंडू मिळत नाही त्याचा सराव वाढत नाही. हे चक्र आपोआप थांबत नसल्याने ते बाहेरून तोडावे लागते.

नियमाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. प्रत्यक्षात तो बहुतांशी एकाच पद्धतीने पाळला जातो : पहिला चेंडू पुरुष घेतो, दुसरा महिला उचलून देते आणि तिसऱ्या स्पर्शाला पुरुष मारतो. याचा अर्थ महिला कायमची बूस्टर आणि पुरुष कायमचा स्मॅशर. बूस्टरचे काम कौशल्याचे आहे, किंबहुना संघाची बुद्धी तेथेच असते. परंतु तीनही महिलांना आयुष्यभर तेच एक काम देणे म्हणजे स्वयंपाकघरातील श्रमविभागणी मैदानावर आणणे होय. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी महिलेने मारलेल्या यशस्वी फटक्याला दोन गुण देण्याची कल्पना पुढे केली जाते. ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. दुप्पट गुण देताना तो फटका अर्ध्या किमतीचा होता असे गृहीत धरले जाते. शिवाय गुणलेखकाचे काम वाढते, वादाला तोंड फुटते आणि ज्या महिला खेळाडूचा फटका मुळातच उत्तम आहे तिचीही बरोबरी संशयास्पद ठरते. फटका मारण्याची संधी गुणांनी नव्हे, तर नेटच्या उंचीने मिळते. त्याचा विचार पुढे केला आहे.

अंमलबजावणीच्या दृष्टीने हा नियम पंचांवर ताण आणतो. पहिल्या पंचाचे लक्ष नेट, रेषा व हाताळणी यांकडे असते. म्हणून स्पर्श मोजण्याची जबाबदारी दुसऱ्या पंचाकडे सोपवावी. महिलेचा स्पर्श होताच त्याने हात किंचित वर करावा व रॅली संपेपर्यंत प्रत्येक वेळी तसेच करीत राहावे. सामना नसलेल्या संघातील खेळाडूंनीच पंचगिरी करण्याची प्रथा लीगमध्ये सोयीची असल्याने ही खूण सर्वांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

नेटची उंची

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर व पुरुषाची सुमारे १६५ सेंटिमीटर आहे. हात सरळ वर केल्यावर बोटांची टोके साधारणतः उंचीच्या १.३ पट उंचावर पोहोचतात. या हिशेबाने सरासरी स्त्रीचा हात सुमारे १९८ सेंटिमीटरपर्यंत, तर पुरुषाचा सुमारे २१५ सेंटिमीटरपर्यंत जातो. २.४३ मीटरच्या नेटच्या केवळ वरच्या कडेला बोटे लावण्यासाठी पुरुषाला २८ सेंटिमीटर उडी घ्यावी लागेल, स्त्रीला ४५ सेंटिमीटर. चेंडू नेटवरून खाली मारावयाचा तर हात आणखी वर हवा. सराव नसलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने ४५ सेंटिमीटरची उडी जवळजवळ अशक्य कोटीतील आहे. नेट २.२४ मीटरवर आणल्यास हेच अंतर अनुक्रमे ९ व २६ सेंटिमीटर होते.

येथे दोन गोष्टी वाचकांच्या लक्षात येतील. पुरुष व महिला यांच्या नेटमधील फरक १९ सेंटिमीटरचा आहे, तर आपल्याकडील सरासरी हाताच्या टप्प्यातील फरक सुमारे १७ सेंटिमीटर निघतो. म्हणजे अधिकृत नियमांतील दोन उंची ढोबळमानाने शरीराच्या मापाशी सुसंगत आहेत. दुसरी गोष्ट अशी की मॉर्गन यांचे १.९८ मीटरचे मूळ नेट आजच्या सरासरी भारतीय स्त्रीच्या वर केलेल्या हाताएवढेच उंच होते. हा योगायोग असला तरी विचारप्रवर्तक आहे. मनोरंजनासाठी नेट खाली आणणे म्हणजे खेळाची अप्रतिष्ठा, असा जो समज आढळतो तो त्यामुळे दूर व्हावा.

अमेरिकेतील नियमांत मिश्र खेळाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात नेट पुरुषांच्या उंचीवर, म्हणजे २.४३ मीटरवर असते. स्पर्शाचा नियम लागू असतो आणि पुढच्या फळीत एकच पुरुष असताना मागच्या फळीतील एका पुरुषाला ब्लॉकसाठी पुढे येण्याची मुभा असते. दुसऱ्या, ‘उलट मिश्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात नेट २.२४ मीटरवर असते. ब्लॉक केवळ महिला करतात. पुरुष खेळाडूला नेटपासून ३ मीटरवरील आक्रमण रेषेच्या पुढून, चेंडू पूर्णपणे नेटच्या वर असताना, तो मारता येत नाही. रेषेच्या मागून मात्र मारता येतो. स्पर्शाचा नियमही उलटा होतो : एकाहून अधिक स्पर्श झाल्यास किमान एक पुरुषाचा असावा लागतो.

पहिल्या प्रकारातील ब्लॉकची सवलत बारकाईने पाहिली तर तिचा आशय असा निघतो की नेटवर नेहमी दोन पुरुष असावेत. पुढच्या फळीत दोन महिला आल्या की संघ दुबळा झाला, हे त्यात गृहीत आहे. २.४३ मीटरच्या नेटवर ते खरेही असेल. पण मग दोष महिलांचा की नेटचा?

कात्रजसारख्या ठिकाणच्या नवख्या लीगसाठी दोन्ही प्रकारांतून निवड करून पुढील मिश्रण स्वीकारावे असे सुचवावेसे वाटते : नेट २.२४ मीटर, आक्रमण रेषेपुढून पुरुषांना स्मॅश व ब्लॉक वर्ज्य, आणि त्यासोबत पहिल्या प्रकारातील महिलास्पर्शाचा नियम. रेषेचे बंधन अन्यायकारक आहे, अशी तक्रार पुरुष खेळाडूंकडून येणे स्वाभाविक आहे. तिला उत्तर सुरक्षिततेच्या हिशेबात सापडते. समजा, एखाद्या फटक्याचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर आहे. नेटजवळून मारलेला असा चेंडू ६ मीटरवर उभ्या असलेल्या खेळाडूपर्यंत ०.३ सेकंदात पोहोचतो. तोच ३ मीटर मागून मारल्यास ९ मीटर अंतर कापण्यास ०.४५ सेकंद लागतात. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद देण्यासच माणसाला साधारणतः ०.२ सेकंद वा अधिक वेळ लागतो. म्हणजे हात पुढे आणण्यास पहिल्या स्थितीत जेमतेम ०.१ सेकंद उरतो, दुसऱ्या स्थितीत त्याच्या अडीच पट. चेहऱ्यावर चेंडू बसणे आणि चेंडू हातावर घेता येणे यांतील हे अंतर आहे. शिवाय नेटजवळून मारलेला चेंडू तीव्र कोनात खाली आपटतो, तर ३ मीटर मागून मारलेला जवळजवळ आडवा जातो. जोर आवरला नाही तर तो मैदानाबाहेर पडतो. त्यामुळे मागून मारणाऱ्या पुरुषाला ताकदीऐवजी नेमकेपणा वाढवावा लागतो. चांगल्या खेळाडूला ही शिक्षा वाटू नये, आव्हान वाटावे.

काही मंडळे दोन्हींच्या मधली, सुमारे २.३५ मीटर उंची ठेवण्याचा मार्ग सुचवितील. अनुभवी खेळाडूंच्या लीगमध्ये तो चालू शकेल. नवख्यांमध्ये मात्र ही तडजोड कोणाच्याच उपयोगाची नाही. महिलांना ती उंचच पडते आणि पुरुषांना कोणतेही बंधन उरत नाही.

सर्व्हिस, गुण व वेळापत्रक

पूर्वी सर्व्हिस असलेल्या संघालाच गुण मिळत असे. त्यामुळे सेट किती वेळ चालेल हे सांगता येत नसे. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत स्वीकारली. लीगच्या आयोजकांसाठी ती वरदान ठरली आहे. २५ गुणांच्या सेटला २७ गुणांची कमाल मर्यादा घातल्यास एका सेटमध्ये अधिकाधिक ५३ रॅली होऊ शकतात. नेहमीच्या ४५ रॅली व प्रत्येकी अर्धा मिनिट धरल्यास सेट २२-२३ मिनिटांत आटोपतो. दोन सेट २५ गुणांचे व तिसरा १५ गुणांचा, असा सामना तासाभरात बसतो. पहिले दोन सेट एकाच संघाने जिंकले तरी तिसरा खेळवावा आणि लीगमधील गुण सामन्यागणिक न देता सेटगणिक द्यावेत. हरलेल्या संघालाही पूर्ण तास खेळावयास मिळतो आणि शेवटच्या सेटपर्यंत काहीतरी मिळविण्याजोगे उरते.

या पद्धतीत चुकलेल्या सर्व्हिसचा गुण थेट प्रतिपक्षाला जातो, हे नवख्यांना जाचक वाटते. म्हणून खालून हात फिरवून केलेल्या सर्व्हिसला प्रोत्साहन द्यावे आणि नवशिक्या खेळाडूस, मग तो पुरुष असो वा महिला, शेवटच्या रेषेच्या २ मीटर आतून सर्व्हिस करू द्यावी. एकाच खेळाडूने सलग पाच गुण मिळविल्यावर सर्व्हिस त्याच संघाकडे ठेवून रोटेशन करावे. एका जोरकस सर्व्हिसने सेट संपविणे हे मनोरंजनाच्या लीगचे उद्दिष्ट नव्हे.

सहा संघ असल्यास प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळण्यासाठी १५ सामने लागतात. एका मैदानावर दर रविवारी तीन सामने धरल्यास पाच रविवार पुरतात. पावसाळा व परीक्षांचे दिवस वगळता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जानेवारीत पुण्यात सात वाजून गेल्यावर सूर्योदय होतो, हे ध्यानात घेऊन पहिला सामना साडेसातला ठेवावा. मैदान दक्षिणोत्तर आखावे, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन कोणत्याही संघाच्या थेट डोळ्यांवर येत नाही. मुरमाच्या मैदानावर आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवावा व चुन्याच्या रेषा सकाळी आखाव्यात. वेळ ठरविताना महिला खेळाडूंना आधी विचारावे. रविवारची सकाळ ही अनेक घरांत त्यांच्यासाठी सुट्टीची वेळ नसते.

सुरक्षितता, पेहराव व तक्रारी

अधिकृत नियमांनुसार मध्यरेषेवर पाय पडला तरी, त्याचा काही भाग रेषेला टेकलेला वा रेषेच्या वर असल्यास, फाऊल होत नाही. मनोरंजनाच्या लीगमध्ये हा नियम कडक करावा व रेषेपलीकडे पाऊल पडताच फाऊल द्यावा. नेटखाली दुसऱ्याच्या पायावर पाय पडून घोटा मुरगळणे ही या खेळातील नित्याची दुखापत आहे. इजा होऊ शकेल अशी वस्तू अंगावर बाळगण्यास अधिकृत नियमांतही मनाई आहे. तिचा अर्थ आपल्याकडे स्पष्ट शब्दांत लिहावा : कडे, अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात. मंगळसूत्र वा जोडवी काढणे एखादीला रुचत नसेल तर ती चिकटपट्टीने अंगाशी घट्ट बसवावीत. यावरून कोणालाही खेळापासून वंचित ठेवू नये. पेहरावाबाबत टी-शर्टचा रंग व पाठीवरील क्रमांक एवढेच सक्तीचे असावे. सलवार, ट्रॅक पँट, डोक्यावरील ओढणी यांपैकी काय घालावे, हा खेळणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न आहे.

शेरेबाजी व गैरवर्तन यांच्या तक्रारींची व्यवस्था नियमावलीतच असावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमात ‘कामाचे ठिकाण’ या संज्ञेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल व स्पर्धेचे ठिकाण यांचा स्पष्ट उल्लेख आहे, ही गोष्ट आयोजकांना सहसा ठाऊक नसते. तक्रार ऐकणाऱ्या समितीत किमान निम्म्या महिला असाव्यात व समितीतील एकाचा दूरध्वनी क्रमांक गुणफलकाशेजारी लावलेला असावा. खेळातील किरकोळ वाद मात्र समितीकडे नेऊ नयेत. नेटला हात लागला वा चेंडू हाताला घासून गेला तर तो खेळाडूने स्वतः सांगावा; तरीही एकमत न झाल्यास ती रॅली पुन्हा खेळवावी.

गुणपत्रकात एक जादा रकाना ठेवावा, अशी शेवटची सूचना आहे. त्यात प्रत्येक सेटमधील महिला खेळाडूंच्या तिसऱ्या स्पर्शांची, म्हणजे चेंडू पलीकडे पाठविणाऱ्या स्पर्शांची, संख्या रेघा मारून नोंदवावी. पाच रविवारांनंतर आयोजक व संघनायक यांनी ही पत्रके समोर घेऊन बसावे. रकाना रिकामा दिसला तर नेटची उंची, रेषेचे बंधन किंवा सर्व्हिसची सवलत यांपैकी काय बदलावयाचे, ते पुढील हंगामाच्या नोंदणीपूर्वी ठरवावे.